अनुभव धागा: टाकीचा गिझर की इन्स्टंट? सोलापूरच्या पाण्यात तुमच्याकडे काय टिकलं?

धागाकर्ती, विजापूर रोड
माहेरी मंगळवार पेठेत तांब्याचा बंब होता. पहाटे एकदा पेटवला की घरातल्या आठही जणांच्या आंघोळी त्यावर व्हायच्या. आता आमचं नवं घर झालंय आणि बाथरूममध्ये काय बसवायचं यावर पंधरा दिवस खल चाललाय. दुकानदार म्हणतो इन्स्टंट, म्हणजे पाणी वाहता वाहताच तापवणारा, घ्या, वीज वाचते. शेजारच्या काकू म्हणतात पंचवीस लिटरच घे. दोघांचंही ऐकलं, पण आमच्या पाण्याविषयी कुणीच विचारलं नाही. नळ चार दिवसांनी येतो, मधले दिवस बोअर. बोअरचं पाणी स्टीलच्या तांब्यावर वाळलं की पांढरं वर्तुळ उमटतं. म्हणून विनंती: घरात माणसं किती, पाणी कुठलं, कितवा मजला आणि गिझर किती वर्षं चालला, एवढं सांगा. कंपनीचं नाव नको.

अक्कलकोट रोड, सात माणसं, तळमजला
ताई, आमचा अनुभव सविस्तर लिहितो, कारण नुकसान झालंय. २५ लिटरचा, दोन किलोवॅटचा टाकीचा गिझर, पाणी पूर्ण बोअरचं. पहिली दोन वर्षं सुखात गेली. तिसऱ्या हिवाळ्यात आतून खडखड ऐकू यायला लागलं, चुलीवर पातेल्यात वाळू उकळावी तसं. अर्ध्या तासात तापणाऱ्या पाण्याला तास लागायला लागला. आम्ही म्हटलं, थंडी जास्त आहे. चौथ्या वर्षी टाकीच गळायला लागली.

कारागिरानं खालची झाकणी उघडली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. कॉईल दिसतच नव्हती. तिच्यावर अंगठ्याएवढा जाड चुन्याचा थर, करड्या खडूसारखा, पापुद्रे सुटलेला. टाकीच्या तळातून अर्धी बादली खडे निघाले. मग त्यानं एक लोखंडी तार हातात दिली आणि विचारलं, "ही काय आहे माहितीये का?" ती ॲनोडच्या कांडीतली उरलेली तार. कांडी मॅग्नेशियमची असते, नवी असताना बोटापेक्षा जाड. पाण्यातला गंज आधी ती स्वतःवर घेते, म्हणून टाकीचा पत्रा वाचतो. आमची कांडी कधीच संपली होती आणि पुढचा गंज पत्र्याला लागला. चार वर्षांत एकदाही कुणी ती उघडून पाहिली नव्हती. ती वेळेवर बदलली असती तर टाकी वाचली असती.

नवा गिझरही टाकीचाच घेतला, कारण सकाळी सात बादल्या एकापाठोपाठ लागतात. पण आता दरवर्षी दिवाळीआधी तो उघडून साफ करून घेतो आणि कांडी बघतो. थर्मोस्टॅट ५५ वर ठेवलाय. पाणी जितकं जास्त तापेल तितका क्षार जास्त धरतो.

शेळगी, दोघंच, भाड्याचं घर
तीन लिटरचा इन्स्टंट, तीन किलोवॅट. तीन वर्षं झाली, तक्रार नाही. आमच्याकडे नळाचं पाणी पुरतं. फक्त संक्रांतीच्या दिवसांत पहाटे व्होल्टेज पडतं तेव्हा पाणी कोमटच येतं. असं का होतं, कुणी सांगेल का?

दमाणी नगर, निवृत्त वायरमन
सांगतो. व्होल्टेज २३० वरून १९० वर आलं की तीन किलोवॅटची कॉईल जेमतेम दोन किलोवॅटचं काम करते. टाकीच्या गिझरला तेवढाच जास्त वेळ लागतो, पाणी मात्र तापतं. इन्स्टंटमध्ये पाणी वाहतच असतं, थांबायला सवड नाही, म्हणून कोमट. नळ बारीक सोडा. २० अंशाचं पाणी ४० वर न्यायचं तर तीन किलोवॅटवर मिनिटाला सव्वादोन लिटरही मिळत नाही. पंधरा लिटरच्या बादलीला सात मिनिटं धरा, व्होल्टेज कमी असेल तर दहा.

वीज वाचते हे अर्धंच खरं. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला वीज तेवढीच लागते. २५ लिटर पाणी २० वरून ५५ वर न्यायला साधारण एक युनिट, गिझर कुठलाही असो. टाकीत तापलेलं पाणी नुसतं पडून राहिलं तर ते निवण्यात वीज जाते. आंघोळीआधी अर्धा तास चालू, मग बंद, एवढं पाळलं तर फरक थोडाच राहतो. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचंच पाणी चटका देतं, तेव्हा गिझर लावतो कोण?

तीन किलोवॅट म्हणजे तेरा अँपिअर. जुन्या घरात लाइटच्या पॉइंटवरून ओढू नका. १६ अँपिअरचा सॉकेट, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासलेलं. यात काटकसर करू नका, हात जोडून सांगतो.

नीलम नगर, पाच माणसं
गॅस गिझरचा विचार करणाऱ्यांसाठी लिहिते. तोही बिनटाकीचाच, मिनिटाला सहा लिटर देतो, म्हणून आम्ही खुश होतो. बाथरूम लहान, थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला. एका सकाळी जाऊबाई आत गेल्या आणि पाण्याचा आवाज चालू असूनही हाकेला ओ देईनात. दार ढकललं तर भिंतीला टेकून बसलेल्या, डोकं जड, पाय चालेनात. उघड्या हवेत आणल्यावर सावरल्या. दवाखान्यात सांगितलं, बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड झाला. त्याला वास नाही, रंग नाही. त्याच दिवशी गिझर बाहेरच्या गॅलरीत हलवला, आत फक्त पाइप. कृपा करून बाथरूमच्या आत बसवू नका. बसवणारा माणूस "काही होत नाही" म्हणाला तरी नाही.

होटगी रोड, सौर
१०० लिटरचं सौर आहे. ऊन भरपूर, पण बोअरच्या पाण्यानं काचेच्या नळ्यांतही क्षार बसतोच. आम्ही गच्चीवर दोन टाक्या केल्या, एक नळाची, एक बोअरची. सौरला आणि गिझरला फक्त नळाच्या टाकीतली लाइन. तेव्हापासून क्षार फारच कमी झालाय.

धागाकर्ती, विजापूर रोड
दादा, काका, ताई, मनापासून आभार. सासू-सासऱ्यांच्या बाथरूमला १५ लिटरचा टाकीचा ठरला, स्वयंपाकघरात सिंकला छोटा इन्स्टंट. दोन टाक्यांची कल्पना घरात सगळ्यांना पटली. प्लंबर शुक्रवारी येतोय. होटगी रोडवाल्यांनी एवढं सांगावं: नळाची टाकी चौथ्या दिवशी रिकामी झाली तर गिझरला बोअरचं पाणी द्यायला मधे व्हॉल्व्ह ठेवलाय, की तेवढा दिवस चुलीवर पाणी तापवता?