हापूसच्या पेटीवर लकी ड्रॉ ठेवावा की शिक्क्यांचं कार्ड?

देवगड: बागेतून घरपोच हापूस विकताना गिऱ्हाईक पुन्हा यावं म्हणून व्हॉट्सॲपवर काय चालेल? लकी ड्रॉचं फिरतं चाक, की दर पेटीला एक शिक्का आणि भरल्यावर बक्षीस असं कार्ड?

रत्नागिरी: कार्डच. पण त्यावरची शिक्क्यांची घरं मोजून ठेवा. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा, त्यात एखादं कुटुंब तीन पेट्या घेतं. दहा शिक्क्यांचं कार्ड अर्ध्यात पडून राहतं. पाच घरांचं करा आणि दोन शिक्के आधीच मारून द्या. न्यून्स आणि ड्रेझ या अभ्यासकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग गाड्या धुण्याच्या केंद्रावरचा आहे: आठ कोऱ्या घरांचं कार्ड 19 टक्के लोकांनी पुरं केलं, दहा घरांचं पण दोन शिक्के मारलेलं 34 टक्क्यांनी. धुवायच्या खेपा दोन्हीकडे आठच! सुरुवात झालेली दिसली की माणूस पुरं करायला बघतो.

बक्षीस म्हणून आंब्याचं साठं किंवा कोकम द्या. भाव उतरवू नका, पुढच्या वर्षी तोच भाव मागतात.

मालवण: चाकाच्या फंदात पडू नका. विक्री वाढवायला सोडत किंवा नशिबाचा खेळ ठेवणं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. शिवाय ‘पुन्हा प्रयत्न करा’ आलेलं गिऱ्हाईक खट्टू होऊनच जातं.

देवगड: आणि गूगलवर अभिप्राय लिहिला तर एक शिक्का?

मालवण: अजिबात नको. मोबदला देऊन घेतलेले अभिप्राय गूगलच्या नियमांत बसत नाहीत, ते काढून टाकले जाऊ शकतात. शिक्का फक्त पेटी पोचल्यावर. नोंद वहीत फोन नंबरापुढे ठेवा, कागदी कार्डं हरवतात.