अनंत नरक आणि क्षमा: काय वाचू, कुणाला विचारू?

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. शरणपूर रोडचा माझा मित्र ख्रिस्ती आहे. तो म्हणतो, देव क्षमाशील आहे आणि नरक कायमचाही आहे. माझ्या डोक्यात दोन्ही एकत्र बसेना. सत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या पापाला कधीच न संपणारी शिक्षा, हा कुठला न्याय? भांडायचं नाही, समजून घ्यायचंय. वाचायला काय सुचवाल? नाशकात कुणाशी बोलता येईल?

खडूस_मास्तर: मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय आधी. शेवटच्या ओळीत सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन शेजारी शेजारी आहेत. जुना ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन तेच धरून बसतो: एक कायमचं मानता, तर दुसरंही माना. गुन्ह्याला लागलेल्या वेळावर शिक्षा मोजत नाहीत, हेही त्याचंच, आणि ते पटतं. खून दोन मिनिटांत होतो, जन्मठेप दोन मिनिटांची नसते. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस पुढे जातो: देव अनंत, म्हणून त्याच्याविरुद्धचा अपराधही अनंत. इथे माझं अडतं. अपराध करणाऱ्याला कितपत कळत होतं, ते कोण धरणार?

शरणपूरकर: आमच्यातही एकमत नाही हो. तिसऱ्या शतकातला ओरिजेन म्हणायचा, शेवटी सगळेच देवाकडे परततील. 553 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्याचा निषेध झाला. न्यस्साचा ग्रेगरी बराचसा तेच बोलला, तो मात्र संतच राहिला! माझ्यापुरतं म्हणाल तर देव कुणाला कोंडत नाही. क्षमा समोर असते, माणूसच ती घेत नाही.

खडूस_मास्तर: ठीक. पण मेल्यावर घ्यावीशी वाटली तर? परंपरा म्हणते, निवड मृत्यूपाशीच पक्की होते. खरी गाठ तिथे आहे, शिक्षेच्या लांबीत नाही.

मळेवाला: ‘आपल्याकडे सगळं मुदतीचं’ म्हणून कुणी खूश होऊ नका. गीतेत (9.21) पुण्य संपलं की स्वर्गातूनही खाली यावं लागतं, कबूल. पण मध्वाचार्य काही जीवांना कायमचा अंधतमस, म्हणजे काळोखा नरक, सांगतात. जैनांच्या नरकातलं आयुष्य अफाट असलं तरी संपतं, मात्र ‘अभव्य’ जीवांना मोक्ष कधीच नाही. आणि फुकट माफीचंही मला कौतुक नाही. रामकुंडात डुबकी मारून माझं पाप गेलं, पण ज्याचा बांध मी कोरला त्याची जमीन?

शरणपूरकर: हा मुद्दा फादरसमोर जरूर मांडा. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या चर्चमध्ये जा, फक्त फेब्रुवारीतली यात्रा टाळून. त्या गर्दीत त्यांना बोलायला सवड नसते.

गोदाकाठ: मास्तर, मत्तय आज रात्रीच. फादरना मात्र तुमचाच प्रश्न विचारतो: मेल्यानंतर पश्चात्ताप झाला तर?

शरणपूरकर: मग लूकचा 16वा अध्याय, श्रीमंत माणूस आणि लाजर, वाचूनच जा. मेल्यावर त्या दोघांच्या मध्ये ओलांडता न येणारी दरी असते, फादर तिथूनच सुरुवात करतील. तो श्रीमंत तिथूनही भावांची काळजी करतो, ते त्यांना दाखवा.