पाच संगणकांना सर्व्हर कशाला?
पाच संगणकांसाठीही सर्व्हर (सगळ्यांच्या फाइल आणि युजर एकाच जागी सांभाळणारा मुख्य संगणक) घ्यावाच लागेल, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या छापखान्यात चार संगणक आहेत. आठ पोर्टचा एक स्विच (संगणक केबलने एकमेकांना जोडणारी पेटी), केबल आणि शेअर केलेलं फोल्डर, एवढ्यावर भागतं. डिझाइनच्या टेबलावरची फाइल थेट खालच्या मशिनला मिळते. पेनड्राइव्ह घेऊन जिना चढउतार करणं बंद झालं. सर्व्हरचा आणि त्याच्या लायसन्सचा खर्च वाचला. एक संगणक बिघडला तर त्याच्यावरच्या फाइल तेवढ्या अडकतात, बाकीच्यांचं काम चालू राहतं. म्हणून रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्याच. विंडोज ११ शेअर केलेल्या फोल्डरसाठी एका वेळी दुसऱ्या संगणकांच्या २० जोडण्याच घेऊ देतं. पण त्याच्या आधीच, दहा संगणकांच्या पुढे गेलात की सर्व्हर बघा, कारण प्रत्येक संगणकावर वेगवेगळे युजर आणि पासवर्ड सांभाळणं जिवावर येतं.