देवमाशाची मादी गाभण आहे, हे रक्त न काढता कळतं कसं?

प्राजक्ता_लालबाग

नमस्कार. मी दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हॉर्मोनचं मशीन माझ्याकडे असतं. प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हॉर्मोन), प्रोलॅक्टिन, बीटा एचसीजी, दिवसभर हेच. परवा रात्रपाळीला वाचण्यात आलं की अंटार्क्टिकाजवळच्या हम्पबॅक जातीच्या देवमाशांच्या माद्यांपैकी कितीजणी गाभण आहेत, हे हॉर्मोनवरून सांगतात. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आमच्याकडे एखाद्या बाईची शीर सापडेना तर दोन-तीनदा टोचावं लागतं. मग पाण्यात पोहणाऱ्या तीस टनांच्या जिवाची शीर कोण शोधतं?

विचारण्यामागे अजून एक कारण आहे. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला ब्रायडस जातीचा पस्तीस फुटी देवमासा मरून लागला होता. मी तेव्हा बारावीला होते, बाबा मुद्दाम घेऊन गेले. कातडी ठिकठिकाणी सोलवटलेली, वास कपड्यांना बसला तो दोन धुण्यांत गेला नाही. बाबांनी आजूबाजूला विचारलं, "नर का मादी?" कोणालाच सांगता येईना. नंतर तो तिथेच वाळूत पुरला.

तर नमुना कशाचा घेतात? किट कुठलं वापरतात? आणि गर्भधारणा तपासायच्या आपल्या एचसीजीच्या पट्टीसारखं काही तिथे चालतं का?

आशा_मुलुंड

प्राजक्ता, मी एकतीस वर्षं हॉर्मोन तपासण्यात काढली. सुरुवात आरआयएने, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाने हॉर्मोन मोजायच्या पद्धतीने केली, किट वाशीहून यायचे, छातीला किरणोत्साराचा बॅज लावून काम करायचं. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला आणि या विषयाने धरलं ते धरलंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एचसीजी आधी बाजूला ठेव. ते माणसाच्या आणि माकडांच्या वारेत तयार होतं, देवमाशाच्या नाही. पट्टी कितीही वेळ बुडवलीस तरी दुसरी रेघ उमटणार नाही. प्रोजेस्टेरॉनचं तसं नाही. बाईचं, म्हशीचं, देवमाशाचं प्रोजेस्टेरॉन एकच, एका अणूचाही फरक नाही. त्यामुळे माणसासाठी केलेलं किट तिथे चालू शकतं. पण चालतं की नाही ते आधी सिद्ध करावं लागतं. नमुना निम्मा, पाव, अष्टमांश असा पातळ करत जायचा आणि त्याची रेषा स्टँडर्डच्या, म्हणजे प्रमाण माहीत असलेल्या द्रावणाच्या, रेषेला समांतर उतरते का पाहायचं. मग मोजून प्रोजेस्टेरॉन घालायचं आणि घातलं तेवढं परत हाती लागतं का पाहायचं. हे न करता आलेला आकडा मी तरी रजिस्टरात लिहिणार नाही.

आता नमुना. बहुतेक वेळा चरबी. बोटीतून आडव्या धनुष्याने बाण मारतात. त्याच्या टोकाला पोकळ नळी असते, तिच्यात कातडी आणि खालच्या चरबीचा शिसपेन्सिलीच्या जाडीचा तुकडा अडकतो. बाण आदळून मागे उडतो आणि पाण्यावर तरंगतो, तो उचलून घ्यायचा. कातडीच्या डीएनएवरून नर की मादी ते कळतं. चरबीतून प्रोजेस्टेरॉन काढतात, कारण ते चरबीत विरघळतं आणि साठतं. गाभण मादीत ते इतकं चढलेलं असतं की दोन गट वेगळे पडतात. तू वाचलंस ते बहुधा अंटार्क्टिक द्वीपकल्पाचं काम असावं. तिथे २०१० ते २०१६ या काळात नमुने घेतलेल्या माद्यांपैकी सुमारे ६३ टक्के गाभण निघाल्या. २०१० साली ३६ टक्के, २०१४ साली ८६. शिकारीत जवळजवळ संपवलेली जात पुन्हा वाढते आहे, हे बाणाच्या टोकावरच्या चरबीने सांगितलं.

पूर्वी हेच समजायला मादीला मारावं लागे. देवमाशाच्या अंडाशयावर प्रत्येक बीज सुटल्याची खूण जन्मभर राहते. शिकारी जहाजांवरचे शास्त्रज्ञ अंडाशय कापून त्या खुणा मोजत. फार लांबची गोष्ट नाही ही. १९६६ साली सोव्हिएत जहाजांनी आपल्या अरबी समुद्रात २४२ हम्पबॅक बेकायदेशीरपणे मारले. त्या माद्यांच्या पोटातल्या पिल्लांची लांबी मोजली म्हणून कळलं की हे कळप उत्तर गोलार्धाच्या ऋतूने वितात. ही माहिती आपण आज वापरतो. ती कशी मिळाली हे आठवलं की मला अजून गलबलून येतं.

उदय_ठाणे

मी कुठेतरी वाचलं होतं की कुत्र्यांकडून देवमाशाची विष्ठा शोधतात. खरं आहे का?

आशा_मुलुंड

अगदी खरं. कुत्रा बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहतो, वास लागला की त्या बाजूला झुकतो, आणि तो झुकेल तशी बोट वळवतात. पॅसिफिक किनाऱ्यावर ओर्कांसाठी टकर नावाचा कुत्रा हे करायचा, आणि त्याला स्वतःला पाण्यात उतरायचं भय होतं. (ओर्का तसा डॉल्फिनच्या कुळातला, पण पद्धत तीच.)

विष्ठेत मूळ प्रोजेस्टेरॉन फारसं नसतं, त्याचे मोडून झालेले तुकडे असतात, ते मोजायचे. २००८ ते २०१४ या काळातल्या नमुन्यांवरून दिसलं की हॉर्मोनने पकडलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्के फुकट गेल्या, जिवंत पिल्लू दिसलंच नाही. त्याच नमुन्यांत ताणाचं हॉर्मोन आणि थायरॉईडचं टी-थ्री मोजलं, म्हणून उपासमार आणि बोटींचा त्रास यांतला फरक करता आला. सामन माशांची टंचाई हे मोठं कारण निघालं.

पण "पिल्लू दिसलं नाही" हे म्हणायला ती मादी कोण हे ठाऊक असावं लागतं. वर्षानुवर्षं फोटो काढून प्रत्येकीची ओळख ठेवलेली असते, तिच्याजवळ हा आकडा ठेवायचा. नुसता आकडा फसवतो, हे मी स्वतः भोगलं आहे. एकदा गोरेगावच्या तबेल्यातल्या एका म्हशीचा नमुना आला, प्रोजेस्टेरॉन भरपूर. मी खात्रीने "गाभण" सांगितलं. डॉक्टरांनी हात घालून तपासलं तर गर्भपिशवीत पू होता, आणि पीतपिंड (बीज सुटल्यावर अंडाशयात उरणारी, प्रोजेस्टेरॉन सोडणारी गाठ) विरघळायचा तसाच राहून हॉर्मोन सोडत बसला होता. मालकाने त्या म्हशीच्या भरवशावर वैरणीची उधारी केली होती. मी चूक कबूल केली, पण त्याचा चेहरा विसरले नाही. देवमाशाच्या मादीतही बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन चढतंच, त्यामुळे एका नमुन्यावर छातीठोक बोलणाऱ्याला मी आधी म्हशीची गोष्ट सांगते.

वेसाव्याचा_तांडेल

आशाताई, आमच्या बोटीवरून देवमाशाचा फवारा दिसतो अधूनमधून, लांब गेलं की. एकदा पाण्यावर विटकरी रंगाची साय पसरलेली पाहिली होती, देवमासा नुकताच खाली गेला होता. आज कळलं ते काय होतं. एक सांगा, मेलेला किनाऱ्याला लागला तर त्याच्यातून काही मिळतं का? आम्हीच पहिले पोचतो.

आशा_मुलुंड

तांडेलदादा, मी इतकं लिहीत बसले ते खरं तर याच प्रश्नासाठी. चरबी कुजते, बलीन कुजत नाही. बलीन म्हणजे तोंडातली ती फणीसारखी गाळणी, आपल्या नखाचाच पदार्थ. ती हिरडीतून वाढत येते, म्हणजे टोक जुनं आणि हिरडीजवळचं ताजं. वाढताना रक्तातली हॉर्मोन तिच्यात अडकत जातात. पट्टीवर ठरावीक अंतराने बारीक ड्रिलने भुकटी काढायची आणि प्रत्येक जागेचं प्रोजेस्टेरॉन मोजायचं. उत्तर अटलांटिकच्या राइट जातीची स्टम्पी नावाची मादी २००४ साली जहाजाच्या धडकेने मेली, पोटात पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं. तिच्या बलीनमध्ये प्रोजेस्टेरॉनचे उंचवटे सापडले ते नेमके तिच्या माहीत असलेल्या बाळंतपणांच्या जागी. मेल्यानंतर तिचा बाळंतपणाचा इतिहास वाचता आला. कानातल्या मळाचंही तेच. कॅलिफोर्नियात २००७ साली मेलेल्या एका निळ्या देवमाशाच्या कानात २५.४ सेंटिमीटरचा मळाचा खुंट होता. त्याच्या थरांवरून तो नर वयात कधी आला ते टेस्टोस्टेरॉनने दाखवलं.

आपल्या समुद्रात याची गरज जास्त आहे. ओमानच्या किनाऱ्यालगत मोजले तेव्हा हम्पबॅक ८२ च्या आसपास भरले. हे कळप ध्रुवाकडे जात नाहीत, इथेच राहतात. तिकडे उपग्रहाचं यंत्र लावलेली लुबान नावाची मादी २०१७ च्या अखेरीस समुद्र ओलांडून गोव्याकडे आली होती. अशा एकीचंही बलीन खड्ड्यात गेलं तर काही वर्षांची माहिती गेली.

एक मात्र सांभाळा. देवमासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तुकडाही घरी न्यायचा नाही. वनखात्याला, कांदळवन कक्षाला कळवा आणि पुरण्याआधी त्यांनाच सांगा की मधली सर्वांत लांब पट्टी हिरडीसकट काढून ठेवा. ओली असेल तर वाळवायची, तारीख, जागा आणि प्राण्याची लांबी लिहून चिठ्ठी बांधायची. फ्रीजरही लागत नाही.

आणि प्राजक्ता, तुझ्या बाबांचा प्रश्न राहिला. पोटाकडे, शेपटीच्या अलीकडे पाहायचं. जननाची चीर असते, आणि मादीत तिच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी चीर असते, तिच्या आत आचळ. नराची चीर गुदापासून बरीच पुढे असते. दोन मिनिटांचं काम आहे.

प्राजक्ता_लालबाग

काकू, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हशीपाशी ते थांबवून म्हणाले, परत वाच. मग कपाटातून जुना मोबाईल काढून चार्जिंगला लावला. जुहूचे सात फोटो निघाले. एकात जबडा अर्धा उघडा आहे आणि बलीनची रांग स्पष्ट दिसते, काळपट, कडेला केसांसारखे धागे. आम्ही तेव्हा तिच्या हातभर अंतरावर उभे होतो. पोटाचा फोटो एकच आहे. त्यात शेपटीकडचा भाग वाळूत रुतलाय.