फायटरची १८ दिवसांची पिल्ले रोज मरत आहेत : उपासमार की पाणी बिघडले आहे? मदत हवी आहे

माझ्याकडच्या फायटर (बेट्टा) माशांच्या जोडीने प्रथमच घातलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले आज १८ दिवसांची झाली असून, सुरुवातीच्या अंदाजे दीडशेंपैकी आता जेमतेम साठ उरली आहेत. पहिल्या आठवड्यात चाळीसेक गेली, तेव्हा ती मुळातच अशक्त असतील असे मी समजलो. परंतु गेले सहा दिवस रोज सकाळी सात-आठ पिल्ले मेलेली सापडत आहेत. ज्यांनी फायटरची पिल्ले मोठी केली आहेत त्यांनी कृपया पुढचे वाचून माझे कुठे चुकते आहे ते सांगावे.

टाकी ४० लिटरची आहे, पण जोडी सोडताना पाणी निम्म्यावर, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीपर्यंत ठेवले होते आणि ते अजून वाढवलेले नाही. हीटर २८ अंशांवर आहे आणि स्पंज फिल्टर अगदी मंद हवेवर चालतो. अंडी घालून झाल्यावर मादीला लगेच बाहेर काढले. दीड दिवसात अंडी फुटली. पुढचे दोन दिवस पिल्ले बुडबुड्यांच्या घरट्याखाली शेपटी खाली करून लोंबकळत होती आणि त्यातले एखादे सुटून तळाकडे जाऊ लागले की नर त्याला तोंडात धरून पुन्हा वर नेऊन ठेवत असे. ती आडवी होऊन स्वतंत्र पोहू लागल्यावर नरालाही काढले.

पहिले पाच दिवस इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) दिला आणि त्यानंतर आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची अंड्यातून नुकतीच निघालेली बारीक पिल्ले) सुरू केला. लिटरमागे २५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात त्याची अंडी २४ ते ३० तासांत फुटतात. मग बरणीला बाजूने टॉर्च लावून उजेडाकडे गोळा झालेला जिवंत आर्टेमिया नळीने ओढून घेतो, वर तरंगणारी टरफले मागे ठेवतो आणि कापडावर साध्या पाण्याने धुऊन दिवसातून तीनदा देतो.

खरा पेच इथेच आहे. खाल्ल्यानंतर भिंगातून पाहिले असता पिल्लाच्या पारदर्शक अंगातून नारिंगी पोट स्पष्ट दिसते, त्यामुळे कोणी खाल्ले आणि कोणी नाही हे कळते. मेलेल्यांमध्ये मात्र दोन्ही प्रकार आहेत : काहींची पोटे खपाटीला गेलेली, तर काहींची इतकी तट्ट फुगलेली की मरण्यापूर्वी ती एक-दोन दिवस तळाशी कुशीवर पडून असतात आणि वर येण्यासाठी धडपडतात. आर्टेमिया कमी दिला तर लहान पिल्लांपर्यंत तो पोहोचत नाही, कारण दुप्पट आकाराची पिल्ले आधी ताव मारतात. जास्त दिला तर उरलेला गोड्या पाण्यात काही तासांत मरून तळाशी कुजतो. काल मोजले तेव्हा अशा कुजण्यातून तयार होणारा विषारी अमोनिया ०.५ पीपीएम (दशलक्षात अर्धा भाग) आणि पीएच ७.६ भरला. एवढ्या पीएचला आणि एवढ्या उबदार पाण्यात अमोनिया अधिक घातक ठरतो हे मला ठाऊक आहे, तरीही मी दिवसाआड केवळ दहा टक्के पाणी बदलत आलो, कारण नळीच्या तोंडाला कापड बांधूनही पिल्ले त्याला चिकटतात आणि ताण बसतो. रोज पंचवीस टक्के पाणी काढून त्याच तापमानाचे पाणी थेंबाथेंबाने सोडले, तर एवढ्या लहान पिल्लांना ते सोसते का?

फिल्टरचा स्पंज कोरा होता, ही चूक मला आता उमगते. मोठ्या टाकीत वर्षभर चाललेला स्पंज इकडे आणला तर अमोनिया पचवणारे जिवाणू आयते मिळतील, पण त्यासोबत रोगही येईल ही धास्ती वाटते. अंधारात टॉर्च मारून अंगावर सोनेरी भुकटीसारखा थर दिसतो का, हे रोज तपासतो. अजून तरी तो दिसलेला नाही.

आणखी एक गोष्ट लपवून उपयोग नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस टाकीचे झाकण अर्धवट उघडे राहिले होते. पृष्ठभागावर येऊन हवा घेण्याचा लॅबिरिंथ हा अवयव याच वयात तयार होत असतो आणि त्यासाठी पाण्यावरची हवा उबदार व दमट असावी लागते, असे सांगतात. त्या दोन दिवसांचा परिणाम इतक्या उशिरापर्यंत दिसू शकतो का?

मोठी पिल्ले वेगळी काढावीत की लहान, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. पण आत्ता, हे लिहीत असताना, फुगलेल्या पोटाची अकरा पिल्ले तळाशी पडून आहेत. त्यांना उथळ, स्वच्छ, उबदार पाण्यात वेगळे ठेवून एक दिवस उपाशी ठेवल्यास ती सावरतात का, हे कोणी स्वतः करून पाहिले असल्यास कृपया आधी तेवढेच सांगावे. बाकीची उत्तरे उद्या मिळाली तरी चालतील.