मदत हवी आहे : ब्रॅकेट तिसऱ्यांदा सुटलं, जंतुनाशकामुळे का?

दातखिळी : ब्रेसेसचं तेच ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा), तिसऱ्यांदा! डॉक्टर म्हणतात काहीतरी कडक खाल्लं असेल. नाही हो खाल्लं. माझा संशय जंतुनाशकावर आहे. हो की नाही एवढंच सांगा, उद्या अपॉइंटमेंट आहे.

मुंगळा : कुठलं जंतुनाशक? गुळण्यांचं की दातावर लावायचं? आणि कोणता दात?

दातखिळी : क्लोरहेक्सिडिन. दात खालचा, मागचा.

जुनं_खोड : या गुळण्यांनी दात पिवळे-तपकिरी पडतात. माझे पडले होते. साधं मीठपाणी घ्या.

मुंगळा : काका, रंगाचं कोण विचारतंय?

अर्धी_डॉक्टर : (इंटर्नशिप चालू आहे.) ०.२ टक्क्यांच्या गुळण्यांनी चिकटलेलं ब्रॅकेट सहसा सुटत नाही. क्लोरहेक्सिडिनचं वार्निश, म्हणजे दातावर थर देऊन लावायचा लेप, लावलं होतं का? तो थर दातावर राहिला तर ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड (चिकटवण्याआधी दात खरबरीत करायला लावतात ते) एनॅमलपर्यंत, म्हणजे दाताच्या कडक वरच्या थरापर्यंत, नीट पोचत नाही. बारीक खड्डे पडले नाहीत तर रेझिन, म्हणजे ब्रॅकेटचा गोंद, रुतणार कशात?

बत्तिशी : सरसकट नको. क्लोरहेक्सिडिन प्रायमरमध्ये (गोंदाआधी लावायच्या पातळ द्रवात) मिसळलं तर पकडीत फारसा फरक पडत नाही. रेनॉल्ड्स या संशोधकाने १९७५ मध्ये ब्रॅकेटच्या पकडीला ५.९ ते ७.८ मेगापास्कल (ताकदीचं माप) पुरेसे म्हटले होते, तेवढी पकड मिळते. एकच दात सुटतोय म्हणजे वरचा दात ब्रॅकेटवर आपटत असणार.

अर्धी_डॉक्टर : मिसळणं वेगळं, थर देणं वेगळं. आणि मागे लाळेचाही त्रास असतो. दातखिळी, सुटलेलं ब्रॅकेट आहे का? गोंद कुठे राहिलाय?

दातखिळी : डबीत आहे. गोंद ब्रॅकेटलाच, दात गुळगुळीत. आणि हो, या दाताला पांढरा डाग आहे म्हणून दर वेळी आधी वार्निश लावतात, त्याच खुर्चीत, आणि लगेच ब्रॅकेट.

मुंगळा : हे आत्ता सांगताय?!

अर्धी_डॉक्टर : मग पकड एनॅमलच्या बाजूने सुटतेय. वार्निश किंवा लाळ. आधी प्यूमिसने घासून, ॲसिड लावून, धुऊन, कोरडं करून ब्रॅकेट. वार्निश नंतर, कडेने.

बत्तिशी : तरी चावा तपासून घ्याच.

जुनं_खोड : माझ्या पुतणीने ब्रेसेस काढून ॲलायनर (काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) घेतले. कटकटच नाही.

दातखिळी : प्यूमिस म्हणजे काय? आणि हे मी डॉक्टरांना सांगितलं तर चिडणार नाहीत ना?