बुद्धिबळ: लंडन सिस्टीम आणि १२०० वर अडकलेलं रेटिंग

प्रश्न: पांढऱ्याकडून नेहमी लंडन सिस्टीम, म्हणजे डी४, उंट एफ४, ई३, सी३ अशी सुरुवात. ३+० ब्लिट्झमध्ये (प्रत्येकी तीन मिनिटं, जादा वेळ नाही) रेटिंग हलत नाही. ओपनिंग (सुरुवातीच्या खेळ्या) बदलायची, की खेळण्याची पद्धत?

काळा_उंट: ओपनिंग राहू द्या, आधी वेळ बदला. १५+१० (पंधरा मिनिटं, प्रत्येक खेळीला दहा सेकंद जादा) खेळा. ३+० मध्ये विचार होत नाही, सवयीचीच खेळी हातून जाते. हरलेला डाव आधी इंजिनाशिवाय (संगणकाच्या मदतीविना) तपासा आणि जिथे डाव उलटला ती खेळी स्वतः शोधा.

डी४_प्यादं: बी२ कडे बघा. उंट बाहेर पडला की ते प्यादं उघडं पडतं, म्हणून काळा सी५ आणि वजीर बी६ करतो. तुमचा वजीर बी३, त्याचं प्यादं सी४, तुमचा वजीर सी२ यानंतर काळ्याचा उंट एफ५ वर आला तर तो मारू नका! त्याचा वजीर बी२ खाऊन ए१ चा हत्ती नेतो. तिथे तुमचा वजीर सी१ हीच खेळी.

घोडा_एफ६: लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवरच्या ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये ‘प्लेअर’ टॅबला स्वतःचं नाव टाका. कुठल्या खेळीनंतर जास्त डाव जातात ते लगेच दिसतं. शैलीची चिंता नंतर; १२०० ला बहुतेक डाव फुकट दिलेल्या मोहऱ्यावरच जातात.